जंक्शन फोरचं रेकॉर्डिंग

"उतरलात," रेकॉर्डिस्ट सबनीस म्हणाले. "परत उतरलात."

त्यांनी शेजारच्या स्टुलावरच्या हार्मोनियमची काळी दोन दाबून धरली. काचेपलीकडे चौघं आपापल्या माइकसमोर उभे होते. गाणं त्यांनी याच सुरात सुरू केलं होतं. मग सबनीसांनी काळी एक दाबली. गाणं संपलं ते इथं. साडेतीन मिनिटांत अख्खा एक सूर खाली.

"कोण?" पप्पांनी विचारलं. विचारलं सबनीसांना, पण वळले फिलिपकाकांकडे. "फिल्या, तूच ना?"

"हो भो, मीच," फिलिपकाका म्हणाले. "घसा बसलाय जरा. पुढच्या वेळी धरतो."

"तीन वर्षं झाली, पुढच्या वेळी धरतोच आहेस."

"मग तीन वर्षं थांबलास, आणखी पाच मिनिटं थांब की."

शमुवेलकाका आणि सुधाकरकाका हसले. पप्पा हसले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा झाले होते. स्टुडिओ आम्हाला दोनपर्यंत मिळाला होता आणि चार गाण्यांपैकी पहिलंच आतापर्यंत तीनदा फसलं होतं.

सबनीसांनी बोलायचं बटण दाबलं. "हे बघा उजगरे, चर्चमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये हे चालून जातं. चौघं मिळून उतरलात तर समोर बसलेल्याला पत्ता लागत नाही. पण यावर मला नंतर गिटार आणि ड्रम चढवायचेत. गिटार काही तुमच्याबरोबर खाली येणार नाही. सूर धरला तर कॅसेट, नाही तर सांगा, मी मालकांना तसं कळवतो."

"धरतो," पप्पा म्हणाले. "फिल्या, ऐकलंस ना?"

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. एप्रिल महिना, दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली. फिलिपकाकांना कडव्यांचे शब्द आठवत नसत म्हणून मी चारही गाणी मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून आणली होती आणि त्यांच्यासमोर तो पुठ्ठा धरून उभी राहणार होते. पहिल्याच वेळी माझ्या चपलेचा करकर आवाज टेपवर आला. सबनीसांनी पुठ्ठा स्टँडला लावून दिला आणि मला आत, काचेच्या अलीकडे, स्वतःशेजारी बसवलं. त्यांचा राग आला होता मला. मी आत बसले नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे कळायला तासभर जायचा होता.

जंक्शन फोर म्हणजे भुसावळचे चार रेल्वेवाले. वाद्य एकही नाही. माझे पप्पा, देवदान उजगरे, लोको शेडमध्ये बॉयलरमेकर होते. फिलिप आढाव तिथेच फिटर. शमुवेल रणभिसे पार्सल ऑफिसात, सुधाकर वाघचौरे रेल्वेच्या शाळेत मास्तर. बासष्ट साली एका अँग्लो-इंडियन गार्डनं बदलीवर जाताना आपल्या रेकॉर्डी रेल्वे इन्स्टिट्यूटला देऊन टाकल्या. त्यांत अमेरिकेतल्या काळ्या पोरांची गाणी होती. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून गायलेली, बिनवाद्यांची. एक जण शब्द गातो, दोघं मागून 'शू-वा, शू-वा' करतात, आणि सगळ्यांत खालून एक जण 'डूम, डूम' असा पाया घालत राहतो. चर्चमध्ये चार आवाजांत गायची सवय या चौघांना लहानपणापासून होती. त्यांनी त्या चालीवर मराठी शब्द बसवले. फिलिपकाका शब्द गायचे आणि पप्पा 'डूम, डूम'.

वीस वर्षं ते गात होते. नाताळ, लग्नं, निवृत्तीचे निरोपसमारंभ, मनमाडपासून नागपूरपर्यंत. पांढरे शर्ट, काळे बो, चौघांचे बूट एकाच दुकानातले. पप्पा लीडर. तोंडानं वाजवायची एक चपटी गोल शिट्टी त्यांच्या खिशात असे. ती फुंकून ते सूर द्यायचे, मग बोटांनी चार मोजायचे. तालीम आमच्या घरी, मंगळवारी आणि शुक्रवारी. कोणी चुकलं की पप्पा हात वर करून थांबवायचे आणि नाव घेऊन चुकणाऱ्याला झाडायचे. अलीकडे ते नाव नेहमी फिलिपकाकांचंच असायचं. बिडी सोड, दम पुरत नाही, म्हातारा झालास. फिलिपकाका ऐकून घ्यायचे आणि आईला म्हणायचे, "वहिनी, याच्या चहात साखर वाढवा."

मग अमरावतीच्या एका लग्नात या कॅसेट कंपनीच्या मालकांनी त्यांना ऐकलं आणि पत्र आलं. पप्पांनी ते पत्र शेडमध्ये नेऊन सगळ्यांना दाखवलं होतं. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला मी तेवढं हरखलेलं पुन्हा पाहिलं नाही.

सबनीसांनी माझ्या हातात जादा हेडफोन दिले. "घाल. गंमत दाखवतो. हे चार ट्रॅकचं मशीन आहे. प्रत्येकाचा आवाज वेगळा पकडतो. बघू या, कोण खेचतंय खाली."

चौथ्यांदा सुरू झालं. पप्पांनी शिट्टी फुंकली, बोटं मोजली.

*थांब जराशी, शिट्टी झाली नाही अजून...*

सबनीसांनी तीन बटणं खाली ओढली. माझ्या कानात फक्त फिलिपकाका राहिले. मला आश्चर्य वाटलं. घसा बसलेला नव्हता. आवाज आरपार होता आणि सूर ताणलेल्या दोरीसारखा सरळ. सबनीसांनी मान हलवली. "हे नव्हेत," ते पुटपुटले. मग त्यांनी सुधाकरकाकांना ऐकलं, मग शमुवेलकाकांना. दोघंही पक्के. मग त्यांनी चौथं बटण वर नेलं.

डूम, डूम, डूम, डूम.

तो आवाज मी जन्मापासून ऐकत होते, पण एकटा कधी ऐकला नव्हता. पहिली ओळ संपेपर्यंत तो ठीक होता. दुसऱ्या ओळीच्या शेवटी किंचित खाली टेकला. इतका किंचित की मला वाटलं, मलाच भास झाला. तिसऱ्या ओळीत आणखी थोडा. पाण्यात हळूहळू बुडणाऱ्या माणसाला आपण बुडतोय हे माहीतच नसावं, तसा तो शांतपणे खाली चालला होता.

सबनीसांनी आता फिलिपकाकांचं बटणही वर आणलं. दोघं एकत्र ऐकू येऊ लागले. पप्पा खाली, फिलिपकाका वर, दोघांच्या मध्ये एक कर्कश फट. क्षणभरच. मग फिलिपकाकांच्या लांब सुराला बारीकसा बाक आला आणि तो हळूच पप्पांच्या सुरावर येऊन बसला. फट मिटली. सबनीसांनी उरलेली दोन बटणंही वर नेली. दोन मात्रांनंतर सुधाकरकाका उतरले. त्यांच्यानंतर शमुवेलकाका. तिघं एकदम उतरत नव्हते. एकामागून एक उतरत होते, म्हणजे ऐकणाऱ्याला पायरी लागू नये.

दुसऱ्या कडव्यात पुन्हा तेच. तिसऱ्यातही.

सबनीसांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. गाणं पलीकडे चालूच होतं. काचेतून पप्पा दिसत होते. डोळे मिटलेले, उजवा हात पोटावर. फिलिपकाकांची नजर पुठ्ठ्यावर नव्हतीच. ती पप्पांच्या ओठांवर होती.

"ते खालच्या आवाजाचे कोण तुझे?"

"पप्पा."

"कामाला कुठं आहेत?"

"बॉयलर शॉपमध्ये. रिव्हेट मारतात."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

"घरी मोठ्यानं बोलावं लागतं का त्यांच्याशी?"

आमच्या क्वार्टर्समध्ये सगळेच मोठ्यानं बोलायचे. बॉयलरवाल्यांची घरं ओळखायची खूणच ती. त्याला बहिरेपण म्हणतात, असं कोणी कधी म्हटलं नव्हतं.

"वरचे आवाज त्यांच्या कानापर्यंत पोचतच नसणार," सबनीस म्हणाले. "आणि हे तिघं..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "सतरा वर्षं मी या खोलीत बसतोय. माणसं सुरात यायला धडपडताना पाहिलीत. जाणूनबुजून बेसूर होणारे हे पहिलेच."

गाणं संपलं. त्यांनी बटण दाबलं. "पाच मिनिटं चहा घ्या. आढाव, तुम्ही जरा आत येता?"

फिलिपकाका आत आले, दार लावून घेतलं, माझ्याकडे आणि माझ्या गळ्यातल्या हेडफोनकडे पाहिलं. त्यांना विचारावं लागलं नाही.

"कळलं वाटतं तुम्हाला," ते म्हणाले.

"किती दिवस चाललंय हे?"

"तीन नाताळ झाले. हा चौथा आला असता."

"त्यांना सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुझे कान गेले म्हणून? साहेब, शेडमध्ये बारा तास हातोडा मारून हा माणूस घरी येतो, आंघोळ करतो, पांढरा शर्ट घालतो आणि सरळ उभा राहतो. तो शर्ट काढून घेऊ त्याच्या अंगावरचा? आणि आम्ही त्याच्याबरोबर उतरलो तर बिघडलं काय? कोणाला कळतं?"

"मला कळतं."

"तुम्ही पहिले."

सबनीसांनी घड्याळ पाहिलं. "एक मार्ग आहे. तुम्ही तिघं गा. खालची बाजू मी बेस गिटारवर वाजवून घेतो, माझा माणूस आहे. कॅसेट झाली समजा. नाव चौघांचं टाकू."

"नाही जमणार."

"मग मी मालकांना काय सांगू?"

"सांगा, फिलिप आढावचा घसा गेला. खोटं नाही, बिड्या ओढतोच मी. पुन्हा कधीतरी बोलवा."

"पुन्हा बोलावणार नाहीत, आढाव. तुम्हालाही माहीत आहे."

"माहीत आहे." ते माझ्याकडे वळले. आवाज एकदम मऊ झाला. "एस्तू, तू काही ऐकलं नाहीस. काय?"

"पण काका, पप्पा तुम्हालाच बोलतात. दर वेळी. सगळ्यांसमोर."

"बोलू दे की. मला काय भोकं पडतात? शब्द दे बघू."

मी मान हलवली.

"मान नको. तोंडानं दे."

"शब्द देते," मी म्हटलं.

ते बाहेर गेले आणि पप्पांनी त्यांना दारातच गाठलं. पलीकडचे माइक चालूच होते, त्यामुळे आत सगळं ऐकू येत होतं.

"काय म्हणाले साहेब?"

"माझ्यामुळे होतंय म्हणाले. घसा."

"मी काय सांगत होतो? मी काय सांगत होतो तुला!" पप्पांचा आवाज चढला. त्यांना कधीच कळायचं नाही तो किती चढतो ते. "वीस वर्षं, फिल्या. वीस वर्षं आपण कशासाठी गातोय? एक दिवस बिडी सोडवली नाही तुला? या दिवसासाठी?"

"चुकलं भो."

"चुकलं म्हणून भागतं? बस तिकडं. खुर्चीवर बस. आम्ही तिघं एकदा म्हणून बघतो. शब्द सुधाकर म्हणेल."

"देवदान, अरे..." सुधाकरकाका म्हणाले.

"तू गप. लीडर कोण आहे?"

फिलिपकाका जाऊन भिंतीला लावलेल्या खुर्चीवर बसले. दोन्ही हात मांडीवर, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे. त्यांनी एकदाच काचेकडे पाहिलं आणि बारीकशी मान हलवली. नाही म्हणून.

तिघांनी सुरू केलं. सुधाकरकाकांना शब्द उंच पडत होते, तरी त्यांनी नेटानं धरले. मला हेडफोन घालायची गरज उरली नव्हती. आता कुठं ऐकायचं ते कळलं होतं. दुसरी ओळ. तिसरी ओळ. सुधाकरकाका उतरले. शमुवेलकाका उतरले. सबनीस टेबलावर बोटं वाजवत बसले होते.

गाणं संपलं. सबनीसांनी काळी दोन दाबली, मग काळी एक.

पप्पांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. राग नव्हता. कुलपात किल्ली नेहमीसारखी फिरवावी आणि कुलूप उघडू नये, तसं काहीतरी.

"आता कोण?" त्यांनी विचारलं. "फिल्या तर बसलाय."

"मी," शमुवेलकाका म्हणाले.

"मी," सुधाकरकाका म्हणाले.

दोघं एकाच वेळी.

पप्पांनी दोघांकडे पाहिलं. मग खुर्चीवरच्या फिलिपकाकांकडे. ते जमिनीकडे बघत होते. त्यांच्यासमोर तीन माणसं होती आणि तिघांपैकी एकाचीही नजर वर नव्हती. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. पप्पा हळूहळू काचेकडे वळले.

"एस्तेर."

ते मला एस्तेर फारसं म्हणत नसत.

"तू आत बसून ऐकत्येस ना? त्या मशीनवर एकेक वेगळा कळतो म्हणे. कोण उतरतंय?"

सबनीसांनी बोलायचं बटण दाबलं. ते तसंच दाबून ठेवून त्यांनी खुर्ची मागे घेतली. माइक माझ्यासमोर आला. फिलिपकाका खुर्चीवरून उठले होते.

"सांग ना. घाबरू नकोस. कोण?"

"पप्पा," मी म्हटलं, "तुम्ही."

ते तसेच उभे राहिले. डोकं थोडं पुढं, भुवया वर.

"काय? मोठ्यानं बोल बेटा. ऐकू नाही आलं."

त्या क्षणाला मागे फिरता आलं असतं. मी काहीही म्हणू शकले असते. फिलिपकाका दोन्ही हातांनी मला थांब म्हणत होते. पप्पा माझ्या ओठांकडे बघत होते, आणि मला एकाएकी कळलं की ते कित्येक वर्षं आम्हा सगळ्यांच्या ओठांकडेच बघत आलेत.

"तुम्ही!" मी ओरडले. "पप्पा, तुम्ही उतरता. हे तिघं तुमच्यासाठी उतरतात."

पलीकडे स्पीकरवर माझा आवाज फुटला. या वेळी त्यांना ऐकू गेलं.

ते आत आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सबनीसांना म्हणाले, "माझं एकट्याचं लावा." सबनीसांनी हेडफोन त्यांच्या डोक्यावर बसवले आणि आवाज पार टोकाला नेला. खोलीत हेडफोनमधून गळणारी बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती. पप्पा उभ्यानं ऐकत राहिले, खिशातली शिट्टी मुठीत धरून. संपल्यावर म्हणाले, "परत." मग म्हणाले, "आता फिलिपचं आणि माझं. चौथ्या वेळचं." तेही दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना एका जागी त्यांनी डोळे मिटले. मला वाटतं ती पहिली जागा असावी, जिथं फिलिपकाका उतरून आले.

त्यांनी हेडफोन काढले आणि वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवले. बाहेर गेले. फिलिपकाकांसमोर उभे राहिले.

"कधीपासून?"

"सोड ना भो."

"कधीपासून, फिल्या?"

"तीन नाताळ."

"आणि मी तुला झाडत होतो. पोरांसमोर, बायकांसमोर. आत्ता इथं."

"झाड की. सवय झालीय. आता नाही झाडलंस तर जेवण पचायचं नाही."

पप्पांनी हात वर केला. तालमीत थांबवायचे तसा. फिलिपकाका थांबले.

"माझ्यावर दया केलीत तुम्ही."

"दया कसली? आम्ही चौघं गातो, चौघं उतरतो. त्यात काय?"

"मला लीडर म्हणत होतात आणि मागून मला सांभाळून नेत होतात. आंधळ्याला नेतात तसं." त्यांचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच भीती वाटत होती. मग ते काचेकडे वळून म्हणाले, "साहेब, ते गिटारचं काय म्हणत होता? मघाशी मी काचेतून तुमचे ओठ पाहिले. गिटार एवढं कळलं. त्यांच्या तिघांचं करून घ्या. अर्धा तास आहे."

"आम्ही नाही गात," शमुवेलकाका म्हणाले. दिवसभरात ते पहिल्यांदाच एवढं ठाम बोलले.

"लीडर म्हणून सांगतोय."

"लीडर म्हणून सांगतोस ना?" फिलिपकाका पुढं आले. "मग सांग, तुझ्याशिवाय आपण कधी गायलोय? एकदा तरी? ताप होता तेव्हा मालेगावचं लग्न सोडलं. तुझी आई गेली तेव्हा नाताळ सोडला. आज काय नवीन आहे? आज एक कॅसेट सोडायची."

"फिल्या, ऐक."

"नाही ऐकत. तुला ऐकू येत नाही, मला ऐकायचं नाही. फिटलं."

सुधाकरकाका फसकन हसले आणि मग त्यांनी तोंड फिरवलं. पप्पा हसले नाहीत. ते पुठ्ठ्यावरचे माझे शब्द वाचत उभे राहिले. वीस मिनिटं चौघं तिथंच वाद घालत होते, कधी ओरडून, कधी हळू. दोन वाजायला दहा कमी असताना दार उघडलं आणि पुढच्या पार्टीचा तबलेवाला डोकावला. सबनीसांनी टेप मशीनवरून उतरवली. "ही पुसू का ठेवू?" त्यांनी मला विचारलं. मी स्टँडवरचा पुठ्ठा काढून आणायला गेले. पुढं त्यांनी तिचं काय केलं, माहीत नाही.

परतीच्या गाडीत पप्पा आणि मी एका बाकावर आणि ते तिघं समोर होते. कसाऱ्याच्या घाटात पप्पांना डुलकी लागली. फिलिपकाकांनी पुढं वाकून मला विचारलं, "शब्द दिला होतास ना?"

"हो."

"मग?"

माझ्याकडे उत्तर होतं. तुम्हाला भिंतीशी बसवलेलं मला बघवलं नाही, हे ते उत्तर. पण मला तेव्हाही शंका होती आणि आता खात्री आहे की ते पुरतं खरं नव्हतं. पप्पांनी विचारलं होतं. त्या खोलीत कोणालाच त्यांना उत्तर द्यायचं नव्हतं आणि ते विचारत उभे होते. मला ते सहन झालं नाही, एवढंच.

"जाऊ दे," फिलिपकाका म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी कित्येक वर्षं सरळ बोलले नाहीत. घरी यायचे, चहा घ्यायचे, आईची चौकशी करायचे. माझ्या लग्नात त्यांनी आहेर केला आणि फोटोसाठी उभे राहिले. पण एस्तू म्हणून हाक मारली नाही. जंक्शन फोर पुन्हा गायलं नाही. त्या नाताळला चर्चच्या लोकांनी फार आग्रह केला तेव्हा पप्पांनी हात जोडले.

पप्पा मला एकदाही रागावले नाहीत. उलट एक वेगळंच सुरू झालं. ते मला विचारू लागले. बाहेरून आलेल्या माणसाशी बोलून झालं की विचारायचे, "मी फार मोठ्यानं बोललो का?" डॉक्टरनं कानाचं मशीन दिलं तेव्हा, "मला हे खरंच शोभतं का?" आईच्या दुखण्यात, भावाच्या नोकरीच्या भानगडीत, घर विकताना. आई आणि भाऊ त्यांना सांभाळून सांगायचे. ते ऐकून घ्यायचे आणि मग भुसावळहून मला पुण्याला पत्र लिहायचे, शेवटी एक ओळ: खरं काय ते कळव. मी कळवायची. त्याचं मला ओझं वाटायचं, आणि अभिमानही.

गेल्या नोव्हेंबरात त्यांना दवाखान्यात हलवलं. तोवर कान पूर्ण गेले होते, वहीवर लिहून दाखवावं लागे. शमुवेलकाका आधीच वारले होते. सुधाकरकाका मुलीकडे नाशिकला. फिलिपकाका तेवढे रोज पाच वाजता रिक्षानं यायचे, ऐंशीव्या वर्षी, काठी टेकत.

रिपोर्ट आले त्या दुपारी पप्पांनी मला विचारलं, "काय म्हणाले?"

मी वही घेतली. पेन उघडलं. दोन महिने, कदाचित कमी, असं लिहिलं आणि वही त्यांच्याकडे फिरवली.

त्यांनी ते वाचलं. बराच वेळ अक्षरांवर बोट ठेवून पडून राहिले. मग तो कागद फाडून माझ्या हातात दिला.

"फिल्याला सांगू नकोस."

मी लिहिलं: त्यांना डॉक्टरांनी सांगितलंय.

"ते माहीत आहे. मला कळलंय, हे सांगू नकोस." त्यांना धाप लागली, थांबून म्हणाले, "तो येईल आता. तुला काही झालं नाही म्हणेल. म्हणू दे त्याला. स्टुडिओत तेव्हा मी नाही म्हणू दिलं."

पाच वाजता फिलिपकाका आले. काठी खाटेला टेकवली, वही ओढली आणि मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं: रंग सुधारलाय. नाताळला घरी.

पप्पांनी चष्मा लावून वाचलं. "खरंच?"

फिलिपकाकांनी खाली लिहिलं: खरंच म्हणजे काय? डॉक्टरशी मी स्वतः बोललोय.

"मग बरं झालं," पप्पा म्हणाले. "मला उगीचच शंका येत होती. नाताळला मटण करायला सांग एस्तूला. तुझ्यासारखं तिखट नको."

फिलिपकाकांनी तिखटावरून एक पानभर भांडण लिहून काढलं. पप्पा वाचून वाचून त्यांना उत्तरं देत राहिले. एकोणीस दिवस हे असंच चाललं. नाताळला कोण कोण जेवायला येणार, फाटकाला कुठला रंग द्यायचा, मार्चमध्ये नाशिकला सुधाकरकाकांकडे कोणत्या गाडीनं जायचं. पप्पा प्रत्येक गोष्टीला हो म्हणत, मध्येच एखादी अडचण काढत, म्हणजे फिलिपकाकांना ती सोडवता यावी.

त्या पहिल्या संध्याकाळी मी त्यांना सोडायला बाहेर व्हरांड्यात गेले. दार लागल्यावर त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि रुमालानं तोंड पुसलं. मग माझ्याकडे संशयानं पाहिलं.

"एस्तू, तुझ्या तोंडून काही गेलं नाही ना त्याच्याजवळ? तुझा भरवसा नाही मला."

"नाही काका," मी म्हटलं. "पप्पांना काही माहीत नाही."

"नक्की?"

"नक्की."

"हळू बोल मग," ते म्हणाले, आणि बंद दाराकडे बघत त्यांनी स्वतःचाही आवाज खाली आणला.